दुसऱ्याच्या नावावर दुकान लावू नकोस

अगं, कारंजात स्वतःचा स्टुडिओ काढतेयस आणि सोबत कॅमेऱ्याचं सामानही विकणार आहेस, ऐकून फार आनंद झाला. आर्वी-आष्टीकडं लग्नं शूट करणाऱ्या पोरांना मेमरी कार्डासाठी नागपूर गाठावं लागू नये, हा तुझा विचार पक्का आहे. पण होलसेलवाल्यानं जो ‘फर्स्ट कॉपी’ माल सुचवलाय, डबा तोच, नाव तेच, मार्जिन तिप्पट, तो घेऊ नकोस. ताई म्हणून हे तुला स्पष्टच सांगते.

आधी त्या मालाचं पोट बघ. नकली मेमरी कार्डात बरेचदा आतली चिप लहान असते, पण तिला खोटं बोलायला लावलेलं असतं. कॅमेरा ६४ जीबी दाखवतो, खरी जागा ८ जीबी. तेवढी भरली की पुढचे फोटो एकतर बिघडतात, नाहीतर आधीच्यांवर चढतात. हळद नीट येते आणि सप्तपदीच जाते. ते लग्न पुन्हा लागत नाही गं. बॅटरीचं तर त्याहून वाईट. खऱ्या लिथियम बॅटरीत जास्त चार्ज आणि शॉर्ट सर्किट रोखणारी सोय असते. नकलीत ती नसली तर बॅटरी तापते, फुगते, फुटूही शकते. म्हणूनच निकॉन आपल्या बॅटरीवर होलोग्राम लावते.

‘खेड्यातल्या दुकानात कोण बघायला येतं,’ असं तुला कोणी म्हणेल. कायदा गाव बघत नाही. १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्याच्या १०३ आणि १०४ कलमांनुसार खोटं नाव लावणाऱ्याला आणि तसा माल विकणाऱ्यालाही ६ महिने ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड होऊ शकतो. सँडिस्कनं नकली कार्डं विकणाऱ्यांना दिल्ली उच्च न्यायालयात खेचलंय. विकणाऱ्याला सुटायला वाट आहे, पण त्यासाठी आपण पुरेशी काळजी घेतली होती आणि माल खोटा असल्याचा संशय यायचं कारण नव्हतं, हे सिद्ध करावं लागतं. माल कुणाकडून घेतला तेही सांगावं लागतं. तुला तर घेतानाच ‘कॉपी’ म्हणून सांगितलंय. मग कोणत्या तोंडानं सांगशील? एरवीही जीएसटी क्रमांकाचं पक्कं बिल घेतल्याशिवाय एक चार्जरसुद्धा दुकानात ठेवू नकोस.

आणि तुझं गिऱ्हाईक? दोन वर्षांच्या आत ते वर्ध्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाऊ शकतं. वस्तूची किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर त्याला फीसुद्धा लागत नाही.

स्वस्त माल ठेवूच नकोस, असं मी म्हणत नाही. दुसऱ्या कंपनीची, तिच्या स्वतःच्या नावाची चांगली बॅटरी खुशाल ठेव. ती कोणत्या कॅमेऱ्याला बसते हे सांगायला कॅननचं नाव घ्यायची मुभा त्याच कायद्याच्या ३० व्या कलमात आहे. डब्यावर बनवणाऱ्याचं नाव ठळक हवं आणि ‘कॅननच्या अमुक मॉडेलला चालते’ एवढंच लिहिलेलं हवं. परदेशातून परस्पर आलेला अस्सल माल विकणार असशील, तर कंपनीची इथली वॉरंटी नाही हे आधी सांग. २०१२ मध्ये सॅमसंगच्या प्रिंटरच्या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयानं अशा विक्रेत्यांना हे दुकानात ठळक लावायला सांगितलं होतं.

बोर्डाचंही तसंच. अधिकृत डीलर नसताना कॅनन-निकॉनचे मोठे लोगो रंगवलेस, तर येणारा माणूस कंपनीच्या भरवशावर आत येईल. कोडॅकचं उदाहरण बघ. इंग्लंडमध्ये एका कंपनीनं ‘कोडॅक’ नावानं सायकली विकायला काढल्या. सायकल म्हणजे काही कॅमेरा नव्हे, तरी १८९८ साली कोर्टानं ते थांबवलं, कारण लोकांना दोन्ही धंदे एकाच घरचे वाटले असते. लोकांची समजूत चुकवणं हाच तिथला गुन्हा.

कार्डं आली की प्रत्येक लॉटमधलं एखादं काठोकाठ भरून, परत वाचून बघ. एचटूटेस्टडब्ल्यू नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर त्यासाठीच आहे. गिऱ्हाइकासमोर हे केलंस तर त्याला वेगळं पटवावं लागणार नाही.

आपल्या भागात माणूस दुकानाच्या पाटीआधी दुकानदाराला ओळखतो. कारंजात एका लग्नाचे फोटो गेले तर ते तळेगावपर्यंत कळतं, आणि मदतीला धावून आलीस तर तेही कळतं. म्हणून तुझं नाव तू मोठं कर. स्टुडिओचं नाव ट्रेडमार्क म्हणून नोंदवता येतं. एका वर्गासाठी एकट्या व्यक्तीला ऑनलाइन फी ४,५०० रुपये, नोंदणी १० वर्षं टिकते आणि पुढे वाढवता येते. फोटोग्राफीच्या सेवेसाठी वर्ग ४१ आहे. पहिल्या सीझनच्या कमाईतून तेवढे पैसे बाजूला काढ. फॉर्म भरायला बसशील तेव्हा मला फोन कर, दोघी मिळून भरू.