घर बांधण्यापूर्वी : नगरपरिषदेच्या बांधकाम परवानगीचा पाठ



आपल्या समाजातील पहिल्या नोकरदार पिढीने निवृत्तीच्या वेळी हाती आलेल्या फंडाच्या पैशाचे काय केले असे विचारले, तर पुष्कळांचे उत्तर एकच येते : तालुक्याच्या गावी घर बांधले. गावकुसाबाहेरच्या वस्तीतून निघून स्वतःच्या नावाच्या जागेवर चार भिंती उभ्या करणे ही साधी गोष्ट नव्हे. परंतु विटा, सिमेंट आणि सळई यांचा हिशेब पैपैने ठेवणारा आपला माणूस कागदांचा हिशेब मात्र ठेवत नाही. परवानगी म्हणजे नगरपरिषदेतील कुणा साहेबाची मेहेरबानी, ती ओळखीने मिळते किंवा मिळत नाही, अशी त्याची समजूत असते. या पाठाचा हेतू ही समजूत दूर करण्याचा आहे. बांधकाम परवानगी हा कायद्याने ठरवून दिलेला व्यवहार आहे. त्यात अर्जदाराची काही कर्तव्ये आहेत आणि काही हक्कही आहेत. जो कर्तव्ये पुरी करतो त्यालाच हक्क ताठ मानेने मागता येतात.

१. कायदा कोणता?

महाराष्ट्रातील लहान शहरांचा कारभार महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५ या कायद्याने चालतो. जमिनीच्या विकासाला परवानगी देण्याचा मुख्य कायदा म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६. त्याच्या कलम ४३ अन्वये परवानगीवाचून विकास करता येत नाही. कलम ४४ मध्ये अर्ज कसा करावा हे सांगितले आहे, तर कलम ४५ मध्ये परवानगी देण्या-नाकारण्याची रीत दिली आहे. घर किती उंच, किती रुंद, कडेने किती जागा मोकळी, हे तपशील राज्य शासनाने डिसेंबर २०२० मध्ये मंजूर केलेल्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत आहेत. बृहन्मुंबई आणि आणखी काही क्षेत्रे वगळता ती राज्यभर लागू झाली.

२. पहिली पायरी : जागा आपली आहे काय?

नकाशा काढण्याआधी जागेचे कागद तपासावेत. शेतजमिनीतून पडलेला प्लॉट असेल तर सात-बारा आणि फेरफार, नगर भूमापन झालेल्या भागात मिळकत पत्रिका, आणि सोबत नोंदणीकृत खरेदीखत हवे. शंभर रुपये वा त्याहून अधिक किमतीच्या स्थावर मिळकतीची विक्री नोंदणीकृत दस्तानेच पुरी होते. साध्या स्टँपपेपरवर नोटरी करून घेतलेल्या कागदाने मालकी येत नाही. तद्वतच घरपट्टीची पावती म्हणजे कर भरल्याचा पुरावा. ती मालकीचा पुरावा नव्हे आणि बांधकाम परवानगी तर नव्हेच. हे वाक्य घरोघरी पाठ व्हावे असे आहे.

वडिलोपार्जित जागा असेल तर आधी वारसांची नोंद लावावी. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ बौद्धांनाही लागू आहे. त्यामुळे बहिणींचा हक्क डावलून केलेला अर्ज पुढे अडतो, आणि अडला नाही तरी तो न्यायाचा नव्हे. बहिणीला आपला हिस्सा खरोखरच सोडायचा असेल तर हक्कसोडपत्र नोंदणीकृत असावे.

३. वतनाच्या जमिनीविषयी विशेष सूचना

आपल्यापैकी अनेकांच्या घरी महार वतनाची जमीन आहे. ही वतने म्हणजे गुलामीची बेडी आहे हे ओळखून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले होते. पुढे मुंबई कनिष्ठ गाव वतने निर्मूलन अधिनियम, १९५८ आला आणि त्याखाली जमिनी वतनदारांना पुन्हा प्रदान झाल्या. परंतु त्यांपैकी पुष्कळ जमिनी नवीन व अविभाज्य शर्तीवर दिलेल्या आहेत. सात-बारावर 'भोगवटादार वर्ग २' असा शेरा दिसला तर थांबावे. अशी जमीन सक्षम अधिकाऱ्याच्या पूर्वपरवानगीवाचून व नजराणा भरल्यावाचून विकता येत नाही. शहर वाढत येते तसा या जमिनींवर इतरांचा डोळा जातो. मूळ वतनदाराला थोडके पैसे देऊन प्लॉट पाडले जातात आणि ते पुन्हा आपल्याच गरीब बांधवांना विकले जातात. विकणारा फसतो आणि घेणाराही फसतो. म्हणून प्लॉट घेण्यापूर्वी सात-बारावरील 'इतर हक्क' हा रकाना अक्षर न अक्षर वाचावा.

गुंठा-दोन गुंठ्यांनी घेतलेल्या मंजूर रेखांकनाबाहेरच्या प्लॉटांसाठी २००१ साली गुंठेवारी नियमितीकरणाचा कायदा झाला आणि २०२१ च्या दुरुस्तीने त्याची मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या गुंठेवारीला लागू करण्यात आली. ज्यांची घरे त्यात बसतात त्यांनी नगरपरिषदेत चौकशी करावी. मात्र उद्या नियमित होईल या भरवशावर आज नवा प्लॉट घेणे शहाणपणाचे नाही.

४. दुसरी पायरी : जागेवर काय बांधता येते?

नगरपरिषदेकडून झोन दाखला व विकास योजनेचा भाग नकाशा घ्यावा. जागा रहिवास विभागात आहे की शेती विभागात, तिच्यावर रस्ता, शाळा वा बगीचा यांचे आरक्षण आहे काय, हे त्यावरून कळते. नंतर भूमि अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज करून हद्दी कायम करून घ्याव्यात. मोजणीच्या नकाशाची 'क' प्रत अर्जासोबत उपयोगी पडते आणि शेजाऱ्याशी होणारे वादही टळतात. जागेच्या बिनशेतीसंबंधीचे नियम अलीकडच्या वर्षांत बरेच सैल झाले आहेत. आपल्या जागेला काय लागू आहे हे तहसील कार्यालयात विचारून घ्यावे.

५. तिसरी पायरी : नकाशा आणि अर्ज

नकाशा परवानाधारक अभियंता किंवा वास्तुविशारद यांच्याकडूनच करून घ्यावा. जागेचा नकाशा साधारणतः १:५०० आणि इमारतीचा नकाशा १:१०० या प्रमाणात असतो. नवे काम लाल रंगात आणि पाडायचे काम पिवळ्या रंगात दाखवितात. सही करण्यापूर्वी मालकाने नकाशा समजून घ्यावा. त्यासाठी गणित अवघड नाही.

समजा, प्लॉट ९ मीटर रुंद व १२ मीटर लांब आहे. क्षेत्रफळ १०८ चौरस मीटर, म्हणजे सुमारे १,१६२ चौरस फूट. समजा, नियमाने पुढे ३ मीटर, मागे दीड मीटर आणि दोन्ही बाजूंस एकेक मीटर सोडावयाचा आहे. मग बांधकामासाठी रुंदी ७ मीटर आणि लांबी साडेसात मीटर उरते. एका मजल्याचे क्षेत्र झाले ५२.५ चौरस मीटर. चटईक्षेत्र निर्देशांक १ धरला तर एकूण १०८ चौरस मीटर बांधता येईल, म्हणजे दोन मजल्यांचे १०५ चौरस मीटर बसतात. प्रत्यक्ष आकडे रस्त्याची रुंदी, दाट वस्ती की विरळ, यांवर बदलतात. पण हिशेबाची रीत हीच. पाचवी-सहावीच्या विद्यार्थ्याने आपल्या घराचा हा हिशेब वडिलांना करून दाखवावा.

अर्जासोबत मालकीचे कागद, मोजणी नकाशा, इमारतीचे नकाशे, तंत्रज्ञाचे प्रमाणपत्र आणि कराची थकबाकी नसल्याचा दाखला जोडावा. छाननी शुल्क, विकास शुल्क, लागू असल्यास कामगार कल्याण उपकर, अशा रकमा भरून प्रत्येकीची पावती घ्यावी. पावतीवाचून दिलेला रुपया हा शुल्क नव्हे. १५० चौरस मीटरपर्यंतच्या छोट्या भूखंडांसाठी २०२० च्या नियमावलीने रीत सोपी केली. ठरावीक अटी पाळून तंत्रज्ञाने प्रमाणित केलेले नकाशे सादर केले आणि शुल्क भरले, की ती पावतीच परवानगी मानण्याची तरतूद तीत आहे. सवलत मिळाली म्हणजे नियम सुटले असे मात्र नव्हे. मोकळी जागा सोडावीच लागते.

६. उत्तर आले नाही तर?

अर्ज मिळाल्यापासून, अथवा मागितलेली माहिती अर्जदाराने दिल्यापासून, ६० दिवसांत निर्णय कळविला नाही तर १९६६ च्या कायद्याच्या कलम ४५ नुसार परवानगी दिली असे मानले जाते. पण प्रस्ताव नियमांशी तंतोतंत जुळत असला तरच. म्हणून अर्ज पोहोचल्याची तारीख व सही-शिक्का असलेली प्रत जपावी. परवानगी नाकारली तर कारणे लेखी मागावीत. कलम ४७ खाली ४० दिवसांत शासनाकडे अपील करता येते. बांधकाम परवाना, जोते प्रमाणपत्र व भोगवटा प्रमाणपत्र या महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खालील अधिसूचित सेवा आहेत. त्याखालीही अपील करता येते. फाईल कुठे अडली हे माहितीच्या अधिकाराखाली १० रुपये शुल्काच्या अर्जाने विचारता येते.

७. परवानगीनंतर

परवानगी एक वर्ष चालते. काम लांबले तर मुदत वर्षावर्षाने वाढवून घ्यावी, ही वाढ एकूण तीन वर्षांपलीकडे मिळत नाही. जोत्यापर्यंत काम आले की जोते तपासणी करून घ्यावी. मंजूर नकाशाबाहेर एखादी खोली वाढवायची झाली तर आधी सुधारित नकाशा मंजूर करून घ्यावा. काम संपल्यावर भोगवटा प्रमाणपत्र घेतल्याखेरीज प्रकरण पुरे झाले असे समजू नये. नेमकी हीच शेवटची पायरी आपले लोक सोडून देतात. १७ डिसेंबर २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने असे निर्देश दिले, की वीज-पाण्याची जोडणी आणि बँकेचे कर्ज ही पूर्णत्व वा भोगवटा प्रमाणपत्र पाहूनच द्यावीत. रमाई आवास योजनेसारख्या घरकुल योजनांतही जागेचे कागद पाहिले जातात.

परवानगीवाचून बांधणाऱ्यास कलम ५२ खाली शिक्षा आणि कलम ५३ खाली बांधकाम पाडण्याची नोटीस येऊ शकते. अशा वेळी घाबरून एजंटाकडे धाव घेऊ नये. १३ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने घालून दिलेल्या नियमांप्रमाणे पाडकामापूर्वी किमान १५ दिवसांची नोटीस व म्हणणे मांडण्याची संधी मिळाली पाहिजे. रस्ता, पदपथ, नदीकाठ अशा सार्वजनिक जागांवरील बांधकामांना मात्र हे संरक्षण नाही.

८. विहार आणि समाजमंदिर

जो नियम घराला तोच विहाराला. लेआऊटमधील खुली जागा रिकामी दिसते म्हणून तेथे रातोरात ओटा बांधू नये. सार्वजनिक रस्ते, उद्याने व जागांवर नवी अनधिकृत धार्मिक बांधकामे होऊ देऊ नयेत, असा सर्वोच्च न्यायालयाचा २९ सप्टेंबर २००९ चा आदेश आहे. वर्गणीतून उभी राहिलेली वास्तू पाडली गेली तर पैसा तर जातोच, पण तरुणांचा विश्वासही जातो. संस्थेच्या नावे जागा, कार्यकारिणीचा ठराव, मंजूर नकाशा या क्रमानेच काम व्हावे. जो समाज राज्यघटनेचा अभिमान बाळगतो त्याची वास्तू कायद्याच्या जोत्यावर उभी असली पाहिजे.

अभ्यासवर्गासाठी प्रश्न

१. घरपट्टीची पावती मालकीचा पुरावा का ठरत नाही?
२. 'भोगवटादार वर्ग २' हा शेरा दिसल्यास खरेदीदाराने काय करावे?
३. ८ मीटर रुंद व १५ मीटर लांब प्लॉटवर वरीलप्रमाणेच मोकळी जागा सोडल्यास एका मजल्याचे क्षेत्र किती होईल?
४. ६० दिवसांची तरतूद कोणत्या अटीवर लागू होते?
५. आपल्या घरातील सात-बारा किंवा मिळकत पत्रिका वडीलधाऱ्यांसोबत बसून वाचा. तीत कोणाची नावे आहेत, आणि कोणाची असावयास हवी होती, हे वहीत लिहा.