स्टेपनी नसलेल्या गाडीत स्टेपनी बसवताना

उसाचा हंगाम सुरू झाला की बारामती-इंदापूर रस्त्यावरच्या पंक्चरवाल्यांना जेवायला उसंत मिळत नाही. भवानीनगरच्या छत्रपती कारखान्याकडे रात्रंदिवस बैलगाड्या आणि ट्रॅक्टर-ट्रॉल्या चाललेल्या असतात. बैलाच्या पत्रीचा एखादा खिळा गळून पडतो, ट्रॉलीचा बोल्ट निखळतो, आणि मागून येणाऱ्या मोटारीचं चाक नेमकं त्यावरून जातं. निमगाव केतकीच्या स्टँडजवळ पक्कडीनं टायरमधून ओढून काढलेला पत्रीचा खिळा पाहिला, तर तो किती आखूड, चापट डोक्याचा आणि धारदार असतो ते कळतं. बहुतेक वेळा तो टायरच्या मधोमध घुसतो. ट्यूबलेस टायर असेल तर स्ट्रिप भरून काम भागतं. खरी अडचण होते ती समोरच्या ट्रॉलीला जागा देताना चाक डांबराच्या तुटक्या कडेवरून खाली उतरतं आणि टायरची बगल फाटते तेव्हा. बगलेला स्ट्रिप लागत नाही, पॅच टिकत नाही. तिथे दुसरं चाकच लागतं.

आणि आज अनेक गाड्यांत ते दुसरं चाक नसतं. २०२० साली केंद्रीय मोटार वाहन नियमांत बदल झाला. साडेतीन टनांपर्यंतच्या गाडीला ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चर दुरुस्तीचा संच असेल, तर स्टेपनी देण्याची सक्ती उरली नाही. स्पोर्ट्‌स कारमध्ये तर जागा आणि वजन वाचवण्यासाठी ती आधीपासूनच नसायची. आता इलेक्ट्रिक गाड्यांतूनही ती जाऊ लागली. डिकीत मिळते ती सीलंटची बाटली आणि १२ व्होल्टचा छोटा पंप. हा संच साधारण ४ ते ६ मिलिमीटरच्या छिद्रापर्यंत उपयोगी, तेही टायरच्या जमिनीला टेकणाऱ्या भागात. बाटलीला मुदत असते, ती तिच्यावर छापलेली असते. शहरात हे पुरत असेल. आपल्या रस्त्यांवर आणि आपल्या रात्रींना ते पुरत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. स्टेपनी विकत घेऊन बसवावी. मात्र ती नीट निवडून, लावून बघून आणि घट्ट बांधून.

निवडीत सगळ्यात आधी डिस्क बघायची. नटांची संख्या आणि ते ज्या वर्तुळावर बसतात त्याचा व्यास, म्हणजे दुकानदार ज्याला पीसीडी म्हणतात, तो तंतोतंत जुळला पाहिजे. स्कोडा स्लाव्हियाचा पीसीडी ५ × १००, ऑक्टाव्हियाचा ५ × ११२. दोन्हींना पाच बोल्ट आणि कंपनीही एकच, पण एकीची डिस्क दुसरीला बसत नाही. स्विफ्टचा ४ × १००, क्रेटाचा ५ × ११४.३. डोळ्याच्या अंदाजावर डिस्क घेऊ नका. त्यानंतर मधलं भोक. ते हबपेक्षा लहान असेल तर चाक बसणारच नाही, मोठं असेल तर बसेल पण मध्यावर राहणार नाही आणि स्टिअरिंग थरथरेल. तिसरी गोष्ट ऑफसेट, म्हणजे चाक किती आत आणि किती बाहेर बसतं. तो चुकला तर चाक सस्पेन्शनला किंवा मडगार्डला घासतं.

टायरचा आकार डिस्कइतका काटेकोर जुळवावा लागत नाही, पण उभ्या चाकाची पूर्ण उंची जुळली पाहिजे. १८५/६५ आर १५ या टायरची उंची सुमारे ६२१ मिलिमीटर भरते. १६५/८० आर १४ ची सुमारे ६२०. डिस्क एक इंचानं लहान, टायर अरुंद, तरी चाक तेवढंच उंच. स्विफ्टच्या अलॉयवाल्या मॉडेलला कंपनी अशीच स्टीलची १४ इंची स्टेपनी देते, ती याच हिशेबावर. गणित सोपं आहे: रुंदीला टक्केवारीनं गुणा, दुप्पट करा, त्यात डिस्कचे इंच २५.४ नं गुणून मिळवा. मूळ चाकाच्या आणि स्टेपनीच्या उंचीत दोन-तीन टक्क्यांहून जास्त फरक नको. चारही चाकांना ताकद जाणाऱ्या गाडीत हा फरक गिअरबॉक्सच्या पुढच्या भागांना तापवतो, तिथे तर उंची जुळलीच पाहिजे.

जुनं टायर स्वस्तात मिळतं तेव्हा बगलेवरचे चार आकडे वाचा. २३२४ म्हणजे २०२४ सालातला तेविसावा आठवडा. नक्षी कोरी असली तरी सहा वर्षांवरचं रबर घेऊ नका.

स्पोर्ट्‌स कारवाल्यांसाठी दोन गोष्टी वेगळ्या. एक, पुढचे ब्रेक मोठे असतात. लहान डिस्क मागे बसते आणि पुढे कॅलिपरला अडते. अशा वेळी पुढचं चाक फाटलं तर मागचं चांगलं चाक काढून पुढे लावायचं आणि स्टेपनी मागे लावायची. दोनदा जॅक लावावा लागतो, पण मार्ग निघतो. दोन, काही गाड्यांत पुढची आणि मागची चाकं वेगवेगळ्या रुंदीची असतात. तिथे ही अदलाबदल चालत नाही. मग दोन्हीकडे लागू होईल अशीच अरुंद स्टेपनी शोधावी लागते, आणि ती मिळाली नाही तर सीलंट आणि गाडी उचलून नेणाऱ्या क्रेनचा नंबर यांवरच भिस्त ठेवावी. न बसणारं चाक वर्षभर डिकीत वाहून काही मिळत नाही.

चाक आणलंत की ते डिकीत टाकू नका. घरच्या अंगणात, दिवसा, सपाट जमिनीवर ते प्रत्येक जागी लावून बघा. नट हातानं बसवा, मग पान्यानं ताणा. उचललेलं चाक हातानं फिरवून कान द्या, कुठे खर्र आवाज येतो का. पुढचं असेल तर स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघा. अलॉयचे नट स्टीलच्या डिस्कला चालतात का, हेही आत्ताच कळेल. नटाचं टोक निमुळतं की गोल, आणि डिस्कची खाच तशीच आहे का, ते पाहा. युरोपीय गाड्यांत नटाऐवजी बोल्ट असतात. स्टीलची डिस्क पातळ असल्यानं अलॉयचे लांब बोल्ट आत घुसून ब्रेकच्या भागांना लागू शकतात. त्यासाठी आखूड बोल्टांचा वेगळा संच घेऊन स्टेपनीबरोबरच ठेवावा. चोरी टाळण्यासाठी एका नटाला खास चावी असेल तर तीही त्याच पिशवीत.

आता बांधणी. याच ठिकाणी लोक घाई करतात, म्हणून थोडा हिशेब सांगतो. टायरसकट स्टीलचं चाक १५ किलोचं धरा. ताशी ६० किलोमीटर वेगातली गाडी धडकून अर्ध्या मीटरात थांबली, तर ते चाक सुमारे सव्वाचारशे किलोच्या जोरानं पुढे जाऊ पाहतं. समोर मागच्या सीटची पाठ असते आणि तिला टेकून मुलं बसलेली असतात.

डिकीच्या तळाला चाकाचा खळगा असेल तर काम सोपं. संचाचा थर्मोकोलचा ट्रे काढा, खळग्याच्या मध्यभागी आटे पाडलेली जागा असते का पाहा. बऱ्याच गाड्यांत ती असते, कारण तीच गाडी दुसऱ्या मॉडेलमध्ये स्टेपनीसह विकली जाते. त्या मॉडेलचा लांब बोल्ट आणि वरची चकती शोरूमच्या पार्ट्‌स काउंटरवर मागा. खाली जाड रबरी चटई घाला म्हणजे खडखड होणार नाही आणि पत्र्याचा रंग जाणार नाही. चकती चाकाच्या मधल्या भोकापेक्षा चांगली मोठी हवी.

खळगा नसेल तर चाक जाड कापडी पिशवीत घालून मागच्या सीटच्या पाठीला चिकटवून आडवं ठेवा. डिकीतल्या लोखंडी कड्यांना दोन रॅचेट पट्टे अडकवून ते चाकाच्या भोकांतून फुलीसारखे ओढा. ताणल्यावर दोन्ही हातांनी हिसका द्या. चाक बोटभरही हललं तर पुन्हा ताणा. लवचीक रबरी दोऱ्या इथे कामाच्या नाहीत, धक्क्याला त्या ताणतात आणि चाक सुटतं. प्लॅस्टिकच्या हुकांना पट्टा लावू नका, ते पिशव्या अडकवण्यापुरतेच असतात. सीएनजीच्या टाकीला किंवा तिच्या पट्ट्यांना काहीही बांधायचं नाही. आणि डिकीच्या तळाला स्वतः ड्रिल मारायचं नाही. खाली पेट्रोलची टाकी, वायरिंग किंवा इलेक्ट्रिक गाडीची उच्च दाबाची बॅटरी असू शकते. कडं नवं बसवायचंच असेल तर गाडी वर उचलून, खालून पाहून, अनुभवी मिस्त्रीकडून बसवून घ्या.

याच दिवशी आणखी एक ठरवा: फाटलेलं चाक कुठे ठेवणार? अरुंद स्टेपनीच्या खळग्यात मूळ रुंद चाक मावत नाही. दोन सीटच्या गाडीत ते बहुधा शेजारच्या सीटवरच येतं, म्हणजे शेजारच्या माणसाची सोय आधीच बघावी लागते. ते चाकही पिशवीत घालून पट्ट्यानं बांधायचंच.

जॅक गाडीच्या उंचीला शोभेल असा घ्या. बसकी गाडी पंक्चर झाली की आणखी खाली बसते आणि साधा जॅक खाली सरकतच नाही. गाडीखाली ठरलेल्या जागीच तो टेकवा. रस्त्याच्या कडेची काळी माती पावसाळ्यात आणि पाटाच्या पाण्यानं मऊ झालेली असते, जॅक त्यात रुततो. फूटभर लांबीची जाड फळी डिकीत असावी.

हवा मात्र विसरली जाते. अगदी अरुंद, तात्पुरत्या वापराच्या टायरला बहुधा ६० पीएसआय हवा लागते. आकडा बगलेवर लिहिलेला असतो. ट्रकला हवा भरणाऱ्याकडे ती सहज मिळते. साध्या टायरमध्ये नेहमीपेक्षा तीन-चार पीएसआय जास्त ठेवा आणि महिन्यातून एकदा तपासा.

रस्त्यावर वेळ आलीच तर आधी गाडी बाजूला घ्या, चारही दिवे लुकलुकत ठेवा, लाल त्रिकोण पन्नास पावलं मागे मांडा आणि सोबतच्यांना रस्त्यापासून लांब उभं करा. हंगामात रात्री मागचा दिवा नसलेल्या ट्रॉल्या येतात, त्यामुळे जागा धोक्याची वाटली तर खराब टायरवरच हळूहळू उजेडापर्यंत जा. टायर गेला तरी चालेल. राष्ट्रीय महामार्गावर मदतीसाठी १०३३ हा नंबर आहे. नट फुलीच्या क्रमानं ताणा, चाक जमिनीला टेकल्यावर पुन्हा एकदा ताणा, आणि ५० किलोमीटरनंतर परत. अरुंद स्टेपनीवर ताशी ८० च्या पुढे जायचं नाही. दाबाचा पिवळा दिवा लागलेलाच राहील, कारण स्टेपनीत सेन्सर नसतो. आषाढात तुकोबांची पालखी निमगाव केतकीत मुक्कामाला असते तेव्हा या मार्गावरची वाहतूक वळवलेली असते आणि अनोळखी आडरस्त्यानं जावं लागतं. त्या आठवड्यात निघण्यापूर्वी स्टेपनीची हवा आणि पट्ट्यांचा ताण आदल्या दिवशीच बघून घ्या.