बिल्ला मारताना कान फाटतो, काय करावे?

प्रश्न : गेल्या वेळी बिल्ले मारताना दोन मेंढ्यांचे कान फाटले, एकीच्या कानात अळ्या पडल्या. कान घट्ट धरला की मेंढी हलत नाही, असे ऐकले होते. आता बिल्लेच नकोत असे वाटते.
– एक मेंढपाळ, माण (जि. सातारा)

उत्तर : दादा, दोष बिल्ल्याचा नाही, धरण्याचा आहे. कान धरला की मेंढी मान झटकते आणि त्याच झटक्यात कान फाटतो. धरायचे असते डोके.

वाघरीच्या कोपऱ्यात चार-पाच मेंढ्या दाटीने कोंडा, म्हणजे पळापळ होत नाही. एकाने मेंढीच्या अंगावर दोन्ही बाजूंना पाय टाकून तिला गुडघ्यांत धरावे आणि हनुवटीखाली हात देऊन डोके किंचित वर ठेवावे. लोकर धरून ओढू नका. कातडीखाली रक्त साकळते. गाभण मेंढी शक्यतो विल्यानंतरच घ्या.

बिल्ला कानाच्या मध्यभागी, दोन ठळक शिरांच्या मधे बसवा. कडेला बसवलेला बिल्ला झुडपात, जाळीत अडकतो. चिमटा एका दमात दाबा आणि लगेच सोडा. कोकराचा कान वाढणार, म्हणून कडेकडून थोडी जागा राहू द्या. बिल्ल्याची टोके आणि चिमटा प्रत्येक मेंढीआधी जंतुनाशकात बुडवा.

पावसाळ्यात माश्या फार, म्हणून तातडी नसेल तर कोरड्या दिवसांत हे काम करा. नंतर आठ-दहा दिवस कान रोज पाहा. सूज, घाण वास किंवा अळ्या दिसल्या तर घरगुती इलाजात वेळ न घालवता पशुवैद्यकाला दाखवा. धनुर्वाताच्या लसीबद्दलही त्यांनाच विचारा.

बिल्ले सोडू नका. त्यावरच्या १२ अंकी क्रमांकावरच तुमच्या मेंढीच्या लसीकरणाची नोंद होते.