बेस गिटारचा आवाज : खर्ज वाढवावा की कमी करावा?

स्नेहसंमेलनाची तालीम चालू होती. ड्रम, गिटार, कीबोर्ड, गाणारी एक मुलगी आणि बेस गिटार वाजवणारा दुसऱ्या वर्षाचा एक विद्यार्थी, असा वाद्यवृंद होता. पण बेस गिटारमधून सूर असा उमटतच नव्हता. सभागृहभर नुसते ‘घूं घूं’ असे घुमणे पसरले होते. गाणारी मुलगी म्हणाली, ‘‘सर, आवाज मोठा आहे, पण सूर कोणता तेच कळत नाही. मी गाऊ कशी?’’ इतरांचे मत पडले, की बेस वगळून टाकावा आणि खालचे सूर कीबोर्डवरच वाजवावेत. त्या मुलाने हिरमुसून अ‍ॅम्प्लिफायरवरचे ‘बेस’ असे लिहिलेले बटण शेवटपर्यंत फिरवले. घुमणे वाढले, स्पीकरचा कागदी शंकू फडफडू लागला. पण सूर काही उमटला नाही.

खर्ज ऐकू येत नाही म्हणून खर्जाचे बटण वाढवले, तर यात त्याचे चुकले काय? वरवर पाहता काहीच नाही. पण ध्वनिशास्त्राला विचारले तर उत्तर अगदी उलट मिळते. ते कसे, हे आपण पायरीपायरीने पाहू.

तारेतून काय निघते?

लिओ फेंडर यांनी अमेरिकेतील कॅलिफोर्नियात १९५१ साली ‘प्रिसिजन बेस’ ही विजेवर चालणारी बेस गिटार बाजारात आणली. तिच्या तारेची कंप पावणारी लांबी ३४ इंच, म्हणजे सुमारे ८६.४ सेंटिमीटर. आजही बहुतेक बेस गिटारींची लांबी तीच असते. चार तारांची कंप्रता, म्हणजे दर सेकंदाला होणारी कंपने, पुढीलप्रमाणे असते : सर्वांत जाड तार ४१.२ हर्ट्झ, दुसरी ५५, तिसरी ७३.४ आणि चौथी ९८ हर्ट्झ. साध्या गिटारीची सर्वांत जाड तार ८२.४ हर्ट्झची असते. म्हणजे बेस तिच्या बरोबर एक सप्तक खाली.

पण तार छेडली की केवळ ४१.२ हर्ट्झचा एकच स्वर निघत नाही. तार एकाच वेळी पूर्ण लांबीने, दोन भागांत, तीन भागांत, चार भागांत अशी कंप पावत असते. त्यामुळे मूळ स्वराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंप्रतेचे उपस्वर निघतात : ८२, १२४, १६५, २०६ हर्ट्झ आणि पुढे. तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेतून गंधार आपोआप ऐकू येतो, हे गाणाऱ्यांना ठाऊक असते. तो ‘स्वयंभू गंधार’ म्हणजे हाच पाचपट कंप्रतेचा उपस्वर. कोणता उपस्वर किती जोमदार, यावर नादाची जाती ठरते. ‘टोन’ जुळवणे म्हणजे या उपस्वरांचे परस्परांशी प्रमाण जुळवणे होय.

आपला कान आणि खालचे स्वर

सर्व कंप्रतांना आपला कान सारखी दाद देत नाही. बेल प्रयोगशाळेतील फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ साली याची पद्धतशीर मोजणी प्रसिद्ध केली. आजच्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार १,००० हर्ट्झचा स्वर निकोप कानाला २ ते ३ डेसिबेलला ऐकू येऊ लागतो. १६० हर्ट्झचा स्वर ऐकू यायला सुमारे १८, ८० हर्ट्झला सुमारे ३१ आणि ४० हर्ट्झला तब्बल ५१ डेसिबेल लागतात.

यातील शेवटचे दोन आकडे पाहा. त्यांत २० डेसिबेलचा फरक आहे आणि २० डेसिबेल म्हणजे तीव्रतेत शंभरपट! एकच सप्तक खाली उतरताना जेमतेम ऐकू येण्यासाठीसुद्धा शंभरपट तीव्रता लागते. म्हणजे ४१ हर्ट्झचा मूळ स्वर कानापर्यंत पोहोचवणे हे फार खर्चिक काम आहे.

स्पीकरची अडचण

हा खर्च कोण करतो? अर्थात अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकर. स्पीकरचा शंकू पुढेमागे हलून हवा ढकलतो. हवेतील दाब शंकूच्या त्वरणावर अवलंबून असतो आणि त्वरण कंप्रतेच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. त्यामुळे तेवढाच दाब हवा असेल, तर कंप्रता निम्मी झाल्यावर शंकूला चौपट अंतर हलावे लागते. १६५ हर्ट्झला शंकू अर्धा मिलिमीटर हलत असेल, तर ८२ हर्ट्झला २ आणि ४१ हर्ट्झला ८ मिलिमीटर हलायला हवा. पुष्कळ स्पीकरांना एवढी धाव झेपत नाही. शंकू फडफडतो तो यामुळे.

दुसरी अडचण शक्तीची. खर्जाचे बटण फिरवून खालचे स्वर १२ डेसिबेलनी वाढवले, तर तेवढ्या भागासाठी जवळजवळ १६ पट शक्ती लागते. जेथे १० वॉट पुरत होते तेथे १६० वॉट हवे. अ‍ॅम्प्लिफायरपाशी तेवढी शक्ती नसेल, तर विद्युत् तरंगाचे माथे सपाट कापले जातात. आवाज फाटतो, स्पीकरचे वेटोळे तापते आणि प्रसंगी जळतेही. आमच्या त्या विद्यार्थ्याने बटण शेवटपर्यंत फिरवून नेमके हेच संकट ओढवून घेतले होते. सारी शक्ती कानाला जेमतेम जाणवणाऱ्या स्वरावर खर्च झाली आणि बाकीच्या उपस्वरांसाठी काही उरलेच नाही.

न वाजणारा स्वर ऐकू येतो!

मग बेस गिटारचा सूर आपल्याला कळतो तरी कसा? येथे निसर्गाने एक मोठी सोय करून ठेवली आहे.

जुन्या तारेच्या टेलिफोनमधून साधारण ३०० ते ३,४०० हर्ट्झपर्यंतचेच स्वर जात असत. पुरुषाच्या आवाजाचा मूळ स्वर मात्र शंभर-सव्वाशे हर्ट्झच्या आसपास असतो. म्हणजे तो टेलिफोनमधून जातच नसे. तरीही वडिलांचा आवाज टेलिफोनवर बायकी वाटत नसे. तो भारदस्तच वाटे. याचे कारण असे, की ३६०, ४८०, ६०० असे उपस्वर कानावर पडले की त्यांच्यातील समान अंतर, १२० हर्ट्झ, मेंदू ओळखतो आणि १२० हर्ट्झचा सूर ‘ऐकतो’. जर्मन शास्त्रज्ञ आउगुस्ट झेबेक यांनी १८४१ साली छिद्रांच्या चकतीच्या भोंग्यावर प्रयोग करून या गोष्टीकडे लक्ष वेधले होते. पुढे या चमत्काराला ‘हरवलेला मूळ स्वर’ असे नाव पडले.

बेस गिटारच्या बाबतीतही तसेच. ८२, १२४, १६५, २०६ हे स्वर स्वच्छ ऐकू आले, की त्यांतील ४१ चे अंतर ओळखून आपण खालचा सूर बरोबर ऐकतो. मूळ स्वर क्षीण असला तरी चालतो. उपस्वर गढूळ झाले तर मात्र सूर हरवतो. खर्जाची ओळख खर्जात नसते, ती वरच्या उपस्वरांत असते. टोन जुळवण्याचे सारे शास्त्र या एका वाक्यात आहे.

अ‍ॅम्प्लिफायर बनवणाऱ्यांचा इतिहासही याला दुजोरा देतो. फेंडर यांच्या १९५२ सालच्या ‘बेसमन’ या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये १५ इंची एकच स्पीकर होता. खर्जासाठी मोठा स्पीकर, हे सरळ तर्कशास्त्र. पण १९६९ साली ‘अँपेग’ कंपनीने मोठ्या मैदानांसाठी ३०० वॉटचा ‘एस.व्ही.टी.’ हा अ‍ॅम्प्लिफायर आणला, तेव्हा त्याच्यासोबतच्या बंद पेटीत १० इंची आठ स्पीकर होते. अशा बंद पेटीचा आवाज ५०-६० हर्ट्झच्या खाली उतरू लागतो. तरीही तिचा बेस खणखणीत ऐकू येतो, कारण आठ शंकू मिळून हवा भरपूर ढकलतात आणि मधले उपस्वर ठसठशीत उमटतात.

बटणांना हात लावण्यापूर्वी

टोनची पहिली जुळवणी अ‍ॅम्प्लिफायरवर नव्हे, तर बोटांत होते. मोकळी तार बरोबर मध्यावर छेडली, तर दुप्पट आणि चौपट कंप्रतेचे उपस्वर उमटत नाहीत, कारण त्यांचा निस्पंद बिंदू तेथेच असतो. एकचतुर्थांश अंतरावर, म्हणजे घोडीपासून २१.६ सेंटिमीटरवर छेडली, तर चौपट कंप्रतेचा उपस्वर गळतो. घोडीच्या जवळ छेडावे तसतसे वरचे उपस्वर जोमदार होतात आणि नाद धारदार होतो. तारेचे कंपन टिपणारे ‘पिकअप’, म्हणजे चुंबकावर गुंडाळलेले तारेचे वेटोळे, यालाही हाच नियम लागू आहे. ते ज्या उपस्वराच्या निस्पंदाखाली असेल तो उपस्वर त्याला टिपता येत नाही. दोन पिकअप असलेल्या गिटारीत घोडीजवळच्या पिकअपचा नाद धारदार आणि दुसऱ्याचा गोल वाटतो, तो यामुळे.

आपल्या तंबोऱ्याने हा नियम मोठ्या खुबीने चुकवला आहे. घोडी आणि तार यांच्यात दोरा घालून जवारी काढली, की जे उपस्वर उमटू नयेत तेही उमटतात, हे चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ साली दाखवून दिले. मिरजेचे कारागीर जवारी काढतात तेव्हा ते खर्ज ‘वाढवत’ नाहीत. खर्जाचे उपस्वर जागे करतात. बेस गिटारवाल्याला अ‍ॅम्प्लिफायरवर हेच काम करायचे असते.

आता बटणे

१. प्रथम खर्ज, मध्य आणि तार या तिन्ही पट्ट्यांची बटणे, म्हणजे ‘बेस’, ‘मिड’ आणि ‘ट्रेबल’, मध्यावर ठेवावीत. पीटर बॅक्सँडॉल या इंग्रज अभियंत्याने १९५२ साली प्रसिद्ध केलेल्या मंडलात बटण मध्यावर असताना स्वर वाढतही नाही आणि घटतही नाही. सर्वच अ‍ॅम्प्लिफायर असे नसतात, पण सुरुवात करायला ही जागा चांगली.

२. मग वाजवताना जितक्या जोराने तार छेडणार असाल तितक्या जोराने छेडून, आवाज फाटणार नाही इतकेच ‘गेन’चे बटण वाढवावे. त्यानंतर एकूण आवाजाचे बटण.

३. जुळवणी एकट्याने न करता सर्व वाद्ये वाजत असताना करावी. एकट्याने ऐकताना भरघोस वाटणारा बेस वाद्यवृंदात हरवतो, कारण सर्वांत खालच्या पट्टीत ड्रमचा मोठा ढोलही असतो आणि दोन्ही आवाज एकमेकांना झाकतात. सूर कळत नसेल तर खर्ज थोडा कमी करून मध्य पट्टी, साधारण २०० ते ८०० हर्ट्झ, थोडी वाढवावी.

४. अ‍ॅम्प्लिफायर कोपऱ्यात ठेवू नये. भिंती आणि जमीन यांच्या परावर्तनाने खालचे स्वर तेथे विनाकारण फुगतात. ४१.२ हर्ट्झच्या ध्वनीची तरंगलांबी सुमारे ८.४ मीटर असते. म्हणून ४.२ मीटर लांबीच्या खोलीत हा स्वर भिंतीपाशी घुमतो आणि मध्यभागी जवळजवळ नाहीसा होतो. वाजवणारा मध्ये उभा राहून ‘खर्ज कमी आहे’ म्हणत बटण वाढवतो आणि भिंतीपाशी बसलेल्यांच्या छातीत धडधडते! म्हणून फिरून, निरनिराळ्या जागी उभे राहून ऐकावे.

५. सभागृह माणसांनी भरले की वरचे आणि मधले स्वर अधिक शोषले जातात. खालचे तितके नाही. रिकाम्या सभागृहातील जुळवणी कार्यक्रमाच्या वेळी पुन्हा तपासावी.

पुढे काय झाले?

त्या दिवशी मी त्या मुलाला म्हटले, ‘‘अरे, खर्ज निम्म्यावर आण.’’ त्याचा विश्वास बसेना. ‘‘सर, आधीच ऐकू येत नाही, आणखी कमी करू?’’ तरी त्याने खर्ज कमी केला, मध्य पट्टी थोडी वाढवली, अ‍ॅम्प्लिफायर कोपऱ्यातून पुढे ओढला आणि बोटे घोडीच्या बाजूला थोडी सरकवली. एकट्याने वाजवले तेव्हा नाद थोडा नाकातला वाटला आणि त्याचा चेहरा पडला. पण ड्रम आणि गिटार सुरू झाल्यावर प्रत्येक सूर वेगळा, स्वच्छ ऐकू येऊ लागला. गाणारी मुलगी पहिल्याच ओळीत सुराला लागली. बेस वगळण्याची गोष्ट मग कोणी काढली नाही. विशेष म्हणजे, एकूण आवाज पूर्वीपेक्षा कमीच होता.

स्वतः करून पाहा

(१) मोबाइलवर निरनिराळ्या कंप्रतांचे स्वर निर्माण करणारी अ‍ॅप्स मिळतात. ४१ हर्ट्झचा शुद्ध स्वर मध्यम आवाजात मोबाइलच्या अंगच्या स्पीकरवर वाजवा. बहुधा काहीच ऐकू येणार नाही. आता त्याच स्पीकरवर बेस गिटारचे एखादे वादन लावा. चाल गुणगुणता येते ना? जो स्वर स्पीकर काढूच शकत नाही, त्याची चाल तुम्ही कशी ओळखलीत?

(२) कोणत्याही तंतुवाद्याची एकच तार आधी मध्यावर आणि मग घोडीजवळ छेडा. सूर तोच राहतो. मग बदलले काय?

(३) ५५ हर्ट्झच्या तारेचे पहिले पाच उपस्वर लिहून काढा. त्यांपैकी कोणते साध्या गिटारीच्या ८२.४ हर्ट्झच्या वर आहेत? बेस आणि गिटार एकमेकांना कोठे झाकतील, याचा त्यावरून अंदाज करा.

ही उत्तरे वहीत लिहून ठेवा आणि पुढच्या वेळी कोणी ‘आवाज येत नाही’ म्हणून बटण वाढवायला निघाले, तर कोणता स्वर येत नाही, हे त्याला आधी विचारा.