मंडलफलकाच्या पोटातील शोध आणि एकस्वाचा कायदा

कुंडलिका नदीच्या खोऱ्यात रोह्यालगत धाटाव येथे महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची वसाहत उभी राहिली आणि भातशेतीच्या या परिसराला रासायनिक कारखान्यांची नवी ओळख मिळाली. रासायनिक कारखाना म्हटला की टाक्या, नळ आणि धुराडी डोळ्यांपुढे येतात. परंतु तापमान, दाब आणि प्रवाह यांवर अहोरात्र पहारा ठेवणारी एक लहानशी वस्तू नियंत्रण-पेटीत दडलेली असते, तिच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. ही वस्तू म्हणजे मुद्रित मंडलफलक, अर्थात सर्किट बोर्ड.

काचतंतू आणि इपॉक्सी राळ यांच्या थरांवर तांब्याचा पातळ पत्रा चिकटवितात, नको असलेले तांबे रसायनाने कोरून काढतात आणि उरलेल्या रेषांवर रोधक, धारित्र इत्यादी घटक डाखाने जोडतात. फलक असा तयार होतो. म्हणजे इलेक्ट्रॉनिकीचा हा पायाही मुळात रसायनशास्त्रानेच घातलेला आहे. कोकणातील दमट हवा आणि आम्लाची वाफ यांमुळे उघडे डाख गंजतात. यावर एक उपाय म्हणजे घटक फलकाच्या पृष्ठभागावर न ठेवता त्याच्या थरांमध्येच पुरणे. त्यामुळे जागा वाचते, जोडणीचे अंतर कमी होते आणि घटकांना बाहेरच्या हवेपासून संरक्षण मिळते.

समजा, अशा एखाद्या कारखान्यातील तंत्रज्ञाने या कामी स्वतःची युक्ती शोधून काढली. तिला एकस्व, म्हणजेच पेटंट, मिळेल काय? या प्रश्नाचे उत्तर त्याला वेळेवर मिळाले नाही, तर त्याच्या कित्येक वर्षांच्या खटपटीचे फळ हातचे जाऊ शकते.

कायद्याची वाटचाल

स्वतंत्र भारताचा एकस्व अधिनियम १९७० साली संमत झाला व २० एप्रिल १९७२ पासून अंमलात आला. त्याच्या कलम ५ अन्वये अन्न, औषधे आणि रासायनिक प्रक्रियेने तयार होणारे पदार्थ यांच्या बाबतीत पदार्थावर एकस्व मिळत नसे. ते केवळ निर्मितीच्या पद्धतीवर मिळे. या रासायनिक पदार्थांत मिश्रधातू, प्रकाशीय काच आणि अर्धसंवाहक यांचाही स्पष्ट उल्लेख होता. म्हणजे रसायनाचा कारखानदार आणि अर्धसंवाहकाचा निर्माता यांना एकच नियम लागू होता. तोच पदार्थ वेगळ्या पद्धतीने तयार करण्याची वाट त्यामुळे खुली राहिली आणि देशातील औषध व रसायन उद्योगांना तिचा मोठा आधार मिळाला. १ जानेवारी २००५ पासून हे कलम गेले. आता पदार्थ व पद्धत या दोहोंवर एकस्व मागता येते आणि त्याची मुदत अर्ज दाखल केल्यापासून २० वर्षांची असते.

तीन कसोट्या

एकस्वासाठी शोध तीन कसोट्यांवर उतरावा लागतो. तो नवा असला पाहिजे, त्यात शोधक पाऊल असले पाहिजे आणि तो उद्योगात वापरण्याजोगा असला पाहिजे. यांपैकी दुसरी कसोटी सर्वांत अवघड. त्या विषयाच्या जाणकाराला जे सहज सुचले असते, त्याला शोध म्हणता येत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९७८ मध्ये दिलेला एक निर्णय या बाबतीत आजही मार्गदर्शक मानला जातो. मिरझापूरच्या एका भांडी-उत्पादक संस्थेने लेथवर भांडे पकडून धरण्याच्या साधनावर एकस्व घेतले होते. जुन्याच साधनात केलेली कारखान्यातील नेहमीची सुधारणा म्हणजे शोध नव्हे, असे सांगून न्यायालयाने ते एकस्व टिकू दिले नाही.

हीच कसोटी मंडलफलकाला लावून पाहू. बाजारात मिळणारे धारित्र घेऊन फलकात पाडलेल्या छिद्रात बसविले आणि दोन्ही पूर्वीप्रमाणेच आपापले काम करीत राहिले, तर अधिनियमाचे कलम ३ (एफ) आड येते. परिचित साधनांची केवळ मांडणी किंवा फेरमांडणी केली आणि प्रत्येक साधन स्वतंत्रपणे परिचित रीतीनेच काम करीत राहिले, तर तो शोध नव्हे, असे हे कलम सांगते.

आता दुसरी बाजू पाहू. उष्णतेने राळेचा फलक आणि सिरॅमिकचा घटक सारख्या प्रमाणात प्रसरण पावत नाहीत. म्हणून पुरलेला घटक तडकतो किंवा त्याची जोडणी सुटते. तंत्रज्ञाने त्याभोवती विशिष्ट भरणद्रव्याची राळ वापरून, अथवा थर दाबण्याचा क्रम बदलून हा दोष दूर केला आणि जाणकाराला तो उपाय सहज सुचण्यासारखा नसला, तर फलकाची रचना आणि ती तयार करण्याची पद्धत या दोहोंवर दावा मांडता येईल. किती वेळा तापविले, किती फलक तडकले, जुन्या पद्धतीत किती तडकले, या नोंदी तेथे वकिलाच्या युक्तिवादाहून अधिक मोलाच्या ठरतात.

येथे आणखी एक भेद ध्यानात ठेवावा. संकलित मंडलातील घटकांच्या आराखड्यावर कलम ३ (ओ) अन्वये एकस्व मिळत नाही. त्यासाठी २००० साली स्वतंत्र अधिनियम झाला असून त्याखाली नोंदणी झालेल्या आराखड्याला १० वर्षे संरक्षण मिळते.

एका शब्दाचे मोल

अमेरिकेत १९५८ साली जॅक किल्बी यांनी एकाच अर्धसंवाहक तुकड्यावर संपूर्ण मंडल घडवून दाखविले. पुढच्या वर्षी रॉबर्ट नॉइस यांनी अशाच मंडलातील जोडण्या पृष्ठभागावरील निरोधक थराला चिकटलेल्या धातूच्या पट्ट्यांनी करण्याची रीत मांडली. या जोडण्यांच्या हक्कावरून दोघांच्या कंपन्यांत वाद झाला. किल्बी यांच्या अर्जात धातू थरावर घातल्याचे म्हटले होते, परंतु तो थराला चिकटून राहतो असे त्यातून स्पष्ट होत नव्हते. १९६९ साली अपील न्यायालयाने नॉइस यांच्या बाजूने निर्णय दिला. तत्पूर्वी १९६६ सालीच दोन्ही कंपन्यांनी परस्परांना परवाने देण्याचा समझोता केला होता, म्हणून उद्योग अडला नाही. किल्बी यांना २००० साली नोबेल पारितोषिकही मिळाले. परंतु शोध कितीही थोर असला तरी कागदावर न उतरलेल्या गोष्टीचा हक्क सांगता येत नाही, हा धडा त्यातून मिळतो.

शोधकाने काय करावे?

पहिली दक्षता मौनाची. अर्ज करण्यापूर्वी युक्ती मासिकात छापली, चर्चासत्रात सांगितली किंवा फलक विक्रीला काढला, तर नावीन्य संपुष्टात येण्याचा धोका असतो. शासनाने अधिसूचित केलेल्या प्रदर्शनासारखे काही मोजके अपवाद आहेत. त्यांवर विसंबू नये. शोध अपुरा असल्यास तात्पुरत्या तपशिलासह अर्ज करून तारीख मिळविता येते. मात्र त्यानंतर १२ महिन्यांच्या आत पूर्ण तपशील द्यावा लागतो.

दुसरी दक्षता नोकरीच्या कराराची. शोधाचा हक्क मालकाकडे राहील असे करारात असू शकते. तरीही शोधकर्ता म्हणून आपले नाव एकस्वात नमूद व्हावे, अशी मागणी करण्याची तरतूद कलम २८ मध्ये आहे. महाराष्ट्रातील अर्जांसाठी मुंबईत अँटॉप हिल येथील बौद्धिक संपदा भवनात एकस्व कार्यालय आहे. स्वतःच्या नावाने अर्ज करणाऱ्या व्यक्तीला मोठ्या कंपनीपेक्षा बरेच कमी शुल्क पडते.

मुंबईत १८६७ साली जन्मलेले शंकर आबाजी भिसे यांनी छपाईचे खिळे ओतण्याच्या यंत्रासाठी परदेशात एकस्वे मिळविली. तेव्हा ना देश स्वतंत्र होता, ना कायदा आपला होता. आज कायदा आपला आहे आणि कार्यालयही रोह्याहून एका दिवसात जाऊन येण्याच्या अंतरावर आहे. धाटावच्या पाळीवर काम करणाऱ्या एखाद्या तंत्रज्ञाच्या खिशातील वहीत अशी युक्ती आज लिहिलेली असेल, तर त्याने त्या पानावर तारीख घालावी, साक्षीदाराची सही घ्यावी आणि अर्ज दाखल होईपर्यंत ती वही उघडी टाकू नये.