जुना भाग कीं नवा ?

जुन्या मोटारीचें इंजिन उघडलें म्हणजे एक म्हणतो, 'सगळें नवें घाला'. दुसरा म्हणतो, 'चालतें आहे तें कशाला टाकावयाचें?' दोघेही न मोजतां बोलत असतात.

मुंबईंत टॅक्सी म्हणून वर्षानुवर्षें धांवलेल्या प्रीमियर पद्मिनीचें उदाहरण घेऊं. तिच्या इंजिनांत चार सिलिंडर. प्रत्येकाचा व्यास ६८ मिलिमीटर व पिस्टनची धांव ७५ मिलिमीटर. ही गाडी आतां बनत नाहीं. २०२३ च्या ऑक्टोबरांत तिची शेवटची टॅक्सीही मुंबईच्या रस्त्यावरून निघाली. तेव्हां तिचा बिडाचा ब्लॉक फुटल्यास दुसरा बहुधा मोडीत निघालेल्या गाडींतच शोधावा लागतो.

हा ब्लॉक जुना असला तरी टाकाऊ नव्हे. सिलिंडर सर्वत्र सारखें झिजत नाहीं. वरच्या टोकाजवळ दाब व उष्णता सर्वांत अधिक आणि तेल सर्वांत कमी. म्हणून झीजही तेथेंच अधिक. वर व खालीं मापून फरक फार आढळला तर भोंक किंचित् मोठें कापून त्या मापाचे पिस्टन बसवावे. क्रँकशाफ्टही घासून पुन्हां गोल करतां येतो. त्याच्या बेअरिंगांच्या टोप्या मात्र ज्या जागेच्या त्याच जागीं, त्याच दिशेनें लावाव्या. कारण त्यांचीं भोंकें ब्लॉकसह एकत्र कापलेलीं असतात.

याउलट रिंगा, बेअरिंग, गॅस्केट हीं नवींच हवींत. एकदां दबलेलें गॅस्केट पुन्हां नीट दबत नाहीं. पण नव्या रिंगा गुळगुळीत झालेल्या जुन्या भोंकांत तशाच घातल्या तर त्या बसत नाहींत, इंजिन तेल पीत राहतें, आणि दोष बिचाऱ्या दुकानदारास लागतो !

सर्वांत फसवा भाग कनेक्टिंग रॉडचा बोल्ट. इंजिन मिनिटास ४००० फेरे घेत असतां पिस्टन तितक्याच वेळां वर जाऊन थांबतो व खालीं खेंचला जातो. ती सारी ओढ या बोल्टांवर येते. दिसावयास चकचकीत असलेला बोल्ट ताणून लांबलेला असूं शकतो. तो तुटला कीं सुटलेला रॉड ब्लॉकची भिंत फोडतो. ज्या घराचा चरितार्थ गाडीवर चालतो, तेथें बोल्टाच्या किंमतीची ही बचत फार महाग पडते.

टॅपेटांचें राहिलें. प्रत्येक टॅपेट घासून घासून आपल्या कॅमशीं जुळलेला असतो. कॅमशाफ्ट नवा घातला तर टॅपेटही नवे घ्यावे. जुना ठेवला तर ते आपापल्या घरांतच परत घालावे. यासाठीं उघडतांनाच प्रत्येकास क्रमांकाची चिठ्ठी बांधावी. मागाहून आठवत नाहीं.