कवळी नको, पक्के दात हवेत?

“डॉक्टर, पंगतीला बसलो की कवळी काढून खिशात ठेवावी लागते. आता पक्के दात बसवून द्या,” परवा एक निवृत्त गुरुजी म्हणाले. सगळे दात गेलेल्यांची ही नेहमीची तक्रार. त्यातही खालची कवळी फार हलते. दात काढल्यावर जबड्याचे हाड वर्षानुवर्षे झिजत जाते आणि कवळीला आधार उरत नाही.

पक्के दात बसतात ते इम्प्लांटवर, म्हणजे हाडात बसवलेल्या टायटॅनियमच्या स्क्रूवर. हाड या धातूला घट्ट धरते, हे स्वीडनचे प्रा. ब्रोनेमार्क यांना आढळले. १९६५ साली त्यांनी पहिल्या रुग्णाला असे दात बसवले.

प्रत्येक दाताला एक स्क्रू लागतो, हा गैरसमज आहे. एका जबड्याला बहुधा चार ते सहा पुरतात. पोर्तुगालचे डॉ. पाउलो मालो यांनी रूढ केलेल्या ‘ऑल ऑन फोर’ पद्धतीत पुढचे दोन सरळ आणि मागचे दोन तिरके बसवतात. त्यामुळे वर सायनसची पोकळी आणि खाली ओठाला संवेदना देणारी नस टाळता येते. पकड चांगली मिळाली, तर एक-दोन दिवसांतच तात्पुरते दात बसतात. (म्हणून लगेच चकली फोडायची नाही! काही महिने मऊ वरणभातच.) हाडाने स्क्रू धरला, की मग कायमचे दात.

गुरुजींचे हाड बरे होते. अडचण निघाली तंबाखूची आणि वाढलेल्या साखरेची. दोन्हींमुळे जखम नीट भरत नाही आणि स्क्रू सुटण्याची भीती वाढते. मी नकार दिला, तेव्हा ते जरा रागावलेच. हाडे ठिसूळ होऊ नयेत म्हणून गोळ्या किंवा इंजेक्शने घेणाऱ्यांनीही ते आधी सांगावे.

आणखी एक. हे दात किडत नाहीत, पण त्यांच्याखाली अन्न अडकते. ते रोज बारीक ब्रशने काढले नाही, तर हिरडी सुजते, हाड झिजते आणि स्क्रू हलू लागतो. ज्यांचे हात थरथरतात, त्यांना मी खालच्या जबड्यात दोनच इम्प्लांट आणि त्यांवर खटकन बसणारी कवळी सुचवतो. ती काढून धुता येते, हलत नाही आणि खर्चही पुष्कळ कमी येतो.

गुरुजी तीन महिन्यांनी साखरेचा रिपोर्ट घेऊन येणार आहेत. तंबाखूबद्दल मात्र अजून होकार दिलेला नाही.